बोटातून जाणारा लाल उजेड: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या ऑक्सिमीटरवर चार ओळी छापल्या होत्या, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की संपादक म्हणाले या वेळचं सगळं पान त्यालाच देऊया. मी भूलतज्ज्ञ. पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या उशाशी बसून काढली, आणि सुई न टोचता नुसत्या उजेडानं शरीराच्या आतलं सांगणारी ही यंत्रं माझ्या फार जवळची आहेत. म्हणूनच ती कुठे चुकतात हेही स्पष्ट सांगणार आहे.

प्रश्न: मॅडम, मी निवृत्त शिक्षक आहे. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर अजून घरात आहे. रक्त न काढता नुसतं बोट चिमट्यात धरून त्याला ऑक्सिजन कळतो तरी कसा? मुलाला विचारलं तर म्हणतो सेन्सर असतो बाबा. – एक वाचक, नाशिक

सर, तुम्ही शिक्षक म्हणून आधी एक प्रयोग सांगते, नातवंडांना घेऊन रात्री करा. दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बोटांच्या खाली चिकटवून धरा. बोटं लालभडक दिसतील. टॉर्चचा उजेड तर पांढरा, त्यात सगळे रंग असतात, मग निळा हिरवा गेला कुठे? तो वाटेत रक्तानं गिळला. लाल तेवढा पार झाला. लाल आणि त्याच्या पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, एवढीच काय ती खिडकी आपल्या शरीरानं उजेडासाठी उघडी ठेवलीय.

आता ऑक्सिमीटरच्या वरच्या बाजूला दोन बारीक एलईडी असतात, एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि दुसरा इन्फ्रारेड, साधारण ९४० चा. खालच्या बाजूला उजेड मोजणारा सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड फारसा अडवत नाही, म्हणून तर धमनीतलं रक्त लालचुटुक दिसतं. ऑक्सिजन देऊन आलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड जास्त पितं, म्हणून शिरेतलं रक्त काळपट. इन्फ्रारेडच्या बाबतीत बरोबर उलटं. म्हणजे दोन्ही उजेड किती अडले याचं गुणोत्तर काढलं की शंभरातलं किती हिमोग्लोबिन ऑक्सिजननं भरलंय ते निघतं.

पण सर, खरी गंमत पुढे आहे. बोटात काही नुसतं धमनीचं रक्त नसतं ना, कातडी आहे, नख आहे, हाड आहे, मांस आहे, शिरेतलं रक्त आहे, आणि ही सगळीच मंडळी उजेड अडवतात. मग त्यातलं धमनीचं रक्त वेगळं कसं काढायचं? हे कोडं जपानमध्ये ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनिअरनं सोडवलं. ते निहॉन कोहडेन कंपनीत होते आणि करत होते भलतंच काम, हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकतं ते रक्तात रंग सोडून कानाच्या पाळीवर उजेड टाकून मोजायचं. आलेख नीट येईना, कारण नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो थरथरायचा. ही थरथर घालवायला त्यांनी दुसऱ्या रंगाचा उजेड जोडला तर ऑक्सिजन बदलला की सगळं गणित पुन्हा बिघडायचं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की अरे, जी थरथर आपण पुसायला निघालोय तीच तर धमनीची सही आहे, कारण हाड मांस कातडी ठोक्याबरोबर बदलत नाही, बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. १९७४ साली त्यांनी हे जपानमधल्या परिषदेत मांडलं. ही थरथर एकूण उजेडाच्या शंभरात एक-दोन भाग असते बघा, तेवढ्यावर सगळं यंत्र उभं आहे. आओयागी १८ एप्रिल २०२० ला वारले, ८४ वर्षांचे होते, आणि त्याच दिवसांत जगभर लोक औषधांच्या दुकानांत त्यांच्या यंत्रासाठी रांगा लावून होते.

मी शिकत होते तेव्हा आमच्याकडे ऑक्सिमीटर नव्हता. पेशंटचे ओठ बघायचे, नखं बघायची, आणि सर्जन ऑपरेशन करताना एकदम म्हणायचे की रक्त काळं दिसतंय हो, तेव्हा पोटात गोळा यायचा, कारण ओठ निळे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. १९८० च्या दशकात हे यंत्र थिएटरमध्ये यायला लागलं आणि त्याचा बीप सुरू झाला. आकडा उतरला की त्या बीपचा सूरही उतरतो, त्यामुळे पाठमोरं असलो तरी कानाला कळतं. माझ्या दृष्टीनं भूलशास्त्रात इतकं साधं आणि इतके जीव वाचवणारं दुसरं काही आलेलं नाही.

प्रश्न: माझ्याकडे एक ऑक्सिमीटर आहे आणि बहिणीकडे दुसरा, एकाच वेळी लावले तर एकात ९७ आणि एकात ९४. सकाळी तर माझा कधीकधी ८८ पण दाखवतो आणि मी घाबरून जाते. – वाचक, कोल्हापूर

९७ आणि ९४ यात घाबरण्यासारखं काही नाही. चांगल्या मान्यताप्राप्त ऑक्सिमीटरमध्येही फरक पडतो, अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणारी सरकारी संस्था एफडीए सांगते की यंत्र ९० म्हणालं तर खरा आकडा साधारण ८६ ते ९४ च्या मधे कुठेतरी असतो. आणि तो आकडा कंपनी ठरवते कसा, तर धडधाकट माणसांना मुद्दाम कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीचं रक्त काढून, ते आणि उजेडाचं गुणोत्तर जुळवून. निरोगी माणसाला ७० च्या खाली नेता येत नाही, म्हणून ७० च्या खालचे आकडे सगळ्याच यंत्रांचे नुसत्या अंदाजानं काढलेले असतात.

सकाळच्या ८८ चं कारण मला वाटतं गार पडलेली बोटं. थंडीत बोटातल्या धमन्या आकसतात, ती शंभरात एक-दोनची थरथरसुद्धा उरत नाही, मग यंत्र काय मोजणार? हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा, हात मांडीवर किंवा टेबलावर टेकवून ठेवा, हलू नका, खिडकीतलं कडक ऊन बोटावर पडू देऊ नका. गडद नेलपॉलिश असेल तर काढा. लग्नाघरी साधी लाल मेंदी सहसा आड येत नाही पण काळी मेंदी यंत्राला सिग्नलच मिळू देत नाही असा आमच्या क्षेत्रातला जुना अनुभव आहे, तेव्हा मेंदी नसलेलं बोट किंवा कानाची पाळी बघायची.

आणि हे मात्र माझं ऐकाच, आकडा बघायच्या आधी लाट बघा. बऱ्याच ऑक्सिमीटरवर आकड्याशेजारी एक वरखाली होणारी लाट किंवा पट्टी असते. ती एकसारखी नाचत असेल, आणि यंत्रावरचे ठोके मनगटाला बोट लावून मोजलेल्या नाडीशी जुळत असतील, तरच पुढचा आकडा धरायचा. लाट वेडीवाकडी असेल तर आकडा ९९ असला तरी तो सोडून द्यायचा. लाट छान आहे, हात गरम आहे, आणि तरी आकडा ९४ च्या खालीच राहतोय, किंवा आकडा बरा आहे पण बोलताना धाप लागतेय, तर सरळ डॉक्टरकडे. ज्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे, सीओपीडी म्हणतात तो, त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो आणि त्यांना ऑक्सिजन देताना बहुतेकदा ८८ ते ९२ एवढंच धरतात, तेव्हा त्यांनी आपला आकडा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

प्रश्न: कुठेतरी ऐकलं की सावळ्या लोकांचं ऑक्सिमीटर चुकीचं दाखवतं. आमच्या घरात आम्ही सगळे सावळे. हे खरं आहे की असंच काहीतरी फॉरवर्ड? – वाचक, लातूर

खरं आहे, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे आम्हा डॉक्टरांना आधीच नीट कळायला हवं होतं.

कातडीत मेलॅनिन, म्हणजे तिला सावळा रंग देणारं द्रव्य, जितकं जास्त तितका लाल उजेड वाटेतच जास्त अडतो. खरंतर थरथर वेगळी काढली की कातडीचा रंग वजा व्हायला हवा, तत्त्व तेच आहे, पण प्रत्यक्षात ते पूर्ण वजा होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांचं पत्र आलं. ज्या पेशंटचा ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत होता त्यांच्या धमनीचं रक्त तपासलं तर कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा खरा आकडा ८८ च्या खाली निघाला, गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के. तिपटीनं जास्त. चूक एकाच बाजूला झुकते हे त्यातलं वाईट, यंत्र खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवतं, म्हणजे माणूस आतून खालावत असताना बाहेर ९३ दिसतो आणि त्याला घरी पाठवलं जातं. एफडीएच्या २०१३ च्या नियमात यंत्र तपासायला किमान १० निरोगी माणसं पुरत होती आणि त्यात गडद वर्णाची किमान २ असली की झालं. दोन माणसं! जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी नव्या नियमांचा मसुदा काढला आणि वेगवेगळ्या वर्णाची बरीच जास्त माणसं घ्या असं सांगितलं.

तुम्ही घरी काय करायचं? सगळे बरे असताना, गरम हातानं, प्रत्येकाचा नेहमीचा आकडा काढून कॅलेंडरवर लिहून ठेवा. आजारपणात ९५ आहे की ९४ यापेक्षा नेहमीच्या आकड्यापासून तो किती घसरला हे बघा. नेहमी ९८ असणारा माणूस ९४ वर आला तर मी त्याला ‘अजून ९४ आहे, चाललंय’ म्हणणार नाही.

प्रश्न: आमच्या शेजारी एक मुलगा गॅस गीझर चालू असताना बाथरूममध्ये बेशुद्ध पडला. कुणीतरी ऑक्सिमीटर लावला तर ९८ आला म्हणून लोक म्हणाले चक्कर असेल. नशिबानं त्याच्या काकांनी ऐकलं नाही आणि दवाखान्यात नेलं. ९८ कसा काय? – वाचक, पुणे

हा प्रश्न वाचून मी दोन मिनिटं थांबले. त्या काकांना माझा नमस्कार सांगा.

बंद बाथरूममध्ये गीझरचा गॅस जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. आता ऑक्सिमीटरकडे दोनच रंगांचे दिवे आहेत, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या लाल उजेडात अगदी ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं, तेही लालचुटुक. यंत्राला दोघांतला फरक कळतच नाही. माणूस आतून गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवतं, ते बिघडलेलं नसतं, त्याला तेवढंच दिसतं. दवाखान्यात धमनीचं रक्त को-ऑक्सिमीटरमध्ये घालतात, त्यात बऱ्याच वेगवेगळ्या तरंगलांबीचे उजेड वापरतात म्हणून तिथे हा चोर सापडतो.

तेव्हा गॅस गीझर, बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी किंवा जनरेटर, यांपैकी काहीही असेल आणि माणसाला चक्कर, डोकेदुखी, उलटी, बेशुद्धी असेल तर ऑक्सिमीटरला हातच लावू नका. आधी स्वतः श्वास रोखून गॅस बंद करा, दारं खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात गेल्या गेल्या ‘गॅस गीझर चालू होता’ हे शब्द सांगा, कारण ते सांगितलं नाही तर तिथेही कुणीतरी चिमटा लावून ९८ बघेल.

प्रश्न: ऑनलाइन एक घड्याळ मिळतंय, दोन-अडीच हजारात, सुई न टोचता शुगर सांगतं म्हणे. मी गेली बारा वर्षं बोटं टोचतोय, कंटाळा आलाय. घेऊ का? – वाचक, सोलापूर

नका घेऊ. बारा वर्षं टोचून बोटांची काय चाळण होते ते मी माझ्या वडिलांचं पाहिलंय, त्यामुळे तुमचा कंटाळा मला कळतो, पण हे घड्याळ घेऊ नका. २१ फेब्रुवारी २०२४ ला एफडीएनं अगदी सरळ शब्दांत बजावलं की सुई न टोचता रक्तातली साखर मोजतो म्हणणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन जास्त घेतलं तर साखर काही तासांत जीवघेणी उतरू शकते.

ऑक्सिजन कळतो मग साखर का नाही, असं तुम्हाला वाटेल. थोडा हिशेब करूया. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्यात हिमोग्लोबिन मिळून जवळजवळ पाऊण किलो भरतं आणि ते गडद रंगाचं, लपूच शकत नाही. आणि साखर? दर शंभर मिलिलिटर रक्ताला शंभर मिलिग्रॅमच्या हिशेबानं अख्ख्या रक्तात मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. तीही बिनरंगाची. इन्फ्रारेडमध्ये तिची थोडीफार खूण दिसते पण तिथेच पाणी, चरबी, प्रथिनं यांच्या खुणा तिच्यावर पसरलेल्या असतात. पाच लिटर पाण्यात विरघळलेला चमचाभर साखरेचा गोडवा बाहेरून भांड्याकडे बघून ओळखायचा, आणि तोही भांडं हलत असताना, घाम येत असताना.

हे कधीच जमणार नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात जो परिणाम दाखवला, त्यासाठी १९३० चं नोबेल मिळालं, तोच इथे कामाला येतोय. पदार्थावर उजेड टाकला की उजेडाचा कोटीतला एखादा कण रंग किंचित बदलून परत येतो, आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूचा ठसा असतो, साखरेचा वेगळा, प्रथिनाचा वेगळा. अमेरिकेत एमआयटी आणि सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये डुकरांच्या कातडीतून साखरेचा हा ठसा थेट पकडून दाखवला. पण कोटीतला एक कण पकडायला लेसर आणि संवेदनशील यंत्र लागतं, ते अडीच हजारांच्या घड्याळात बसत नाही.

तोवर बोटं टोचण्याला कंटाळला असाल तर दंडावर चिकटवायचं गोल बटण मिळतं त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याचा केसासारखा बारीक धागा कातडीखाली जातो आणि तिथल्या द्रवातली साखर रासायनिक क्रियेतून विजेच्या प्रवाहानं मोजतो, उजेडानं नाही. स्वस्त नाही, पण त्यातला आकडा खरोखर साखरेचा असतो.

प्रश्न: डॉक्टरीणबाई, नातवानं मला परदेशातून घड्याळ पाठवलंय, मागे हिरवा दिवा लुकलुकतो. नाडी सांगतं म्हणतात, पण माझ्या हाताला घातलं की नुसत्या रेघा येतात. माझ्या मनगटावर लहानपणीचं गोंदण आहे. – एक आजी, सातारा

आजी, गोंदणामुळेच होत असणार. रक्त हिरवा उजेड फार पितं, आणि हिरवा उजेड कातडीत फार खोल जात नाही म्हणून हात हलला तरी गोंधळ कमी होतो, यासाठी मनगटाच्या घड्याळाला नाडी मोजायला हिरवा दिवा घेतात. पण गोंदणाची शाई तो उजेड रक्तापर्यंत जायच्या आधीच अडवते. दुसऱ्या मनगटावर गोंदण नसेल तर तिथे घाला, किंवा हाडापासून दोन बोटं वर सरकवून थोडं घट्ट बांधा. गोंदण छान असू द्या, घड्याळानं जागा बदलावी.

आणि नातवाला एक सांगा. या घड्याळांचा मला आवडणारा उपयोग म्हणजे नाडीचा बेताल ओळखणं, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात तो, कारण त्यातून पुढे लकवा येऊ शकतो आणि पेशंटला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. अमेरिकेत ॲपल घड्याळ वापरणाऱ्या ४ लाख १९ हजार लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. त्यात फक्त अर्ध्या टक्क्याला ‘नाडी अनियमित’ अशी सूचना आली, आणि त्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून परत पाठवली त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांच्या पट्टीवर ते सापडलं. बेताल येतो-जातो, त्यामुळे पट्टीवर नाही दिसला म्हणजे नव्हताच असंही नाही. तुमच्या घड्याळात तशी सूचना आली तर घाबरायचं नाही पण ईसीजी मात्र काढायचा.

ब्लडप्रेशर दाखवणाऱ्या घड्याळांबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. उजेडाच्या लाटेच्या आकारावरून ती प्रेशरचा अंदाज बांधतात, आणि काहींना तर दर चार आठवड्यांनी दंडाच्या पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. गोळी वाढवायची की कमी करायची हे दंडाच्या पट्ट्यावरच ठरवा.

प्रश्न: मॅडम, माझं बाळ नऊ दिवसांचं आहे. कावीळ आहे म्हणून दवाखान्यात कपाळाला एक टॉर्चसारखं यंत्र लावून १२ सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी टाचेतून रक्त पण काढलं. यंत्र होतं तर टोचलं का? सासूबाई म्हणतात कोवळं ऊन दाखव, जाईल. – वाचक, ठाणे

आधी बाळाचं अभिनंदन. त्या यंत्रानं बाळाच्या कातडीवर उजेड टाकला आणि परतलेल्या उजेडातून निळा किती नाहीसा झाला ते पाहिलं, कारण काविळीचं बिलिरुबिन पिवळं असतं आणि पिवळा पदार्थ निळा उजेड पितो. कुठल्या बाळाचं रक्त काढायची गरजच नाही हे ठरवायला यंत्र फार चांगलं. पण आकडा उपचाराच्या रेषेजवळ आला, किंवा १५ च्या घरात गेला, की रक्तानं खात्री करतात. ती रेषा बाळाचं वय किती तासांचं आणि ते किती आठवड्यांचं जन्मलं यावरून बदलते. आणि बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं असेल तर कातडीतलं बिलिरुबिन आधी कमी होतं, रक्तातलं मागून, त्यामुळे त्यानंतर यंत्राचा आकडा फसवा असतो. टोचलं ते बरोबर केलं.

सासूबाई म्हणतात त्यात एक धागा खरा आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड हॉस्पिटलमधल्या वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना बागेत उन्हात न्यायच्या, आणि त्यांच्याच लक्षात आलं की उघड्या अंगाचा पिवळेपणा कमी होतो, झाकलेल्याचा राहतो. त्यावरून डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दिव्याचा उपचार छापला. पण उन्हात निळा उजेड किती मिळाला हे मोजता येत नाही, बाळ भाजतं किंवा गारठतं, आणि मधे दोन मोलाचे दिवस जातात. सासूबाईंना सांगा, ऊन दवाखान्यात दिव्याच्या रूपानं आहे. बाळ दूध ओढत नसेल, फार झोपाळू झालं असेल, पिवळेपणा पायाच्या तळव्यापर्यंत उतरला असेल तर रात्र असली तरी निघा.

प्रश्न: कपाळावर धरतात त्या थर्मल गनच्या किरणांनी मेंदूला त्रास होतो का? – वाचक, अकोला

नाही. ती काहीच सोडत नाही, घेते फक्त. आपलं अंग स्वतःच सतत इन्फ्रारेड सोडत असतं, चुलीजवळ बसल्यावर गालाला लागते तशीच ऊब पण फार मंद, आणि गन ती मोजते. काहींत दिसणारा लाल ठिपका नुसता नेम धरायला असतो, तो डोळ्यांत मारू नये एवढंच.

प्रश्न: ताई, मी आशा सेविका आहे. ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’च्या वेळी आम्हाला ऑक्सिमीटर दिला होता, तेव्हापासून मी वापरते. पण एक गरोदर बाई पांढरीफटक, चालताना दम लागतो, आणि यंत्र ९९ दाखवतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६. मी काय चुकले? – वाचक, नंदुरबार जिल्हा

ताई, तुम्ही काहीच चुकला नाहीत, तुम्ही तिला पुढे पाठवलंत. सप्टेंबर २०२० मध्ये त्या मोहिमेत तुम्ही सगळ्या जणी दारोदार फिरलात ते मी विसरलेले नाही.

यंत्र खोटं बोललं नाही. ते सांगतं की हिमोग्लोबिनच्या किती टक्के जागा भरल्या आहेत, हिमोग्लोबिन आहे किती ते सांगत नाही. स्टँडवरून सुटणाऱ्या एसट्या सगळ्या खच्चून भरलेल्या आहेत, पण बाराऐवजी पाचच एसट्या सुटतायत, तर गावाला माणसं किती पोचणार? यंत्र फक्त भरलेल्या सीटा मोजतं. शिवाय इतकं कमी रक्त असलं की ऑक्सिजन खरोखर कमी झाला तरी ओठ निळे पडत नाहीत, कारण निळं दिसायला बिनऑक्सिजनचं हिमोग्लोबिन पुरेसं असावं लागतं आणि इथे हिमोग्लोबिनच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघालाय, म्हणजे तुमच्या गावात अशा बायका रोज भेटणार.

उजेडानं हिमोग्लोबिन मोजायचे प्रयत्नही चाललेत. २०१२ मध्ये मिश्किन इंगवले यांनी टेडच्या मंचावर टचएचबी नावाचं बोटाला लावायचं यंत्र दाखवलं होतं, सुई न टोचता रक्तक्षय ओळखायचं, तेही तुमच्यासारख्या गावपातळीवरच्या कार्यकर्तींसाठी म्हणून. पण आज तरी निर्णय घेताना बोट टोचून किंवा रक्त काढून केलेली तपासणीच धरा.

आणि लहान बाळांना हा मोठ्यांचा चिमटा लावू नका, बोटाभोवती तो ढिला राहतो आणि काहीही दाखवतो, बाळांसाठी पायाला गुंडाळायचा वेगळा सेन्सर मिळतो. तो नसेल तर बाळाच्या पोटावरचं कापड वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर यंत्रावर काहीही असो, गाडी बोलवा.